गाजराचा रस आणि गच्चीवरची टाकी

टाकीसाहेबांचे तळहात केशरी झाले आहेत ही बातमी सगळ्यांत आधी इमारतीला लागली आणि सगळ्यांत शेवटी टाकीसाहेबांना. माणसाचं स्वतःच्या तळहाताकडे लक्ष जातं ते एकतर भविष्य पाहताना, नाहीतर हातात काटा रुतल्यावर. टाकीसाहेबांना दोन्हींची सवय नव्हती. ते रोज सकाळी जिन्यात भेटेल त्याला हात उंचावून नमस्कार करत होते आणि समोरचा दचकत होता.

टाकीसाहेब हे अर्थात लोकांनी ठेवलेलं नाव. शहराच्या पाणीखात्यात त्यांनी उभी हयात टाक्या तपासण्यात घालवली होती. लोखंडी टाकीत शिडी सोडून स्वतः आत उतरायचं, बॅटरीच्या उजेडात कानाकोपरा पाहायचा आणि मगच ‘टाकी स्वच्छ’ या कागदावर सही करायची, हा त्यांचा नेम. बाहेरून टाकी पाहून सही मागणाऱ्या कंत्राटदारांना त्यांनी असं काही झापलं होतं, की त्यातले दोघे पुढे दुसऱ्या धंद्यात गेले. निवृत्तीनंतर इमारतीच्या गच्चीवरची टाकी आपोआपच त्यांच्या ताब्यात आली. तिच्यावर ते पोटच्या मुलीसारखं प्रेम करत, फरक एवढाच की मुलीला ते कधी रागावत नसत.

असा माणूस केशरी का झाला, ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या आतड्यात दुर्बीण घालून पाहिलं होतं आणि तिथे उगवलेला एक छोटा कोंब काढून टाकला होता. त्याला पॉलिप म्हणतात. पॉलिप म्हणजे कॅन्सर नव्हे, पण काही पॉलिप तसेच वाढू दिले तर पुढे त्यांचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून तीन वर्षांनी पुन्हा तपासणीला यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. टाकीसाहेबांच्या थोरल्या भावाला, दादाला, तसं कुणी बजावलं नव्हतं. दादाला आतड्याचा कॅन्सर असल्याचं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्यामुळे टाकीसाहेब मनातून घाबरलेले होते, आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. डॉक्टरांकडे जाणं सोडून बाकी सगळं केलं.

तीन वर्षं संपून चौथं सरत आलं तेव्हा एका जाहिरातीत त्यांना ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द भेटला.

“अगं, हा तर आपलाच विषय,” ते बायकोला म्हणाले. “ऑक्सिजनमुळे लोखंडाला गंज चढतो. चढू नये म्हणून आपण टाकीला प्रायमर लावतो. हा आतड्याचा प्रायमर. एकदा नीट लावला की कोंब कशाला उगवतोय आणि दुर्बीण कशाला लागतेय?”

“आतडं लोखंडाचं नसतं,” बायको म्हणाली.

“तत्त्व तेच.”

‘तत्त्व तेच’ म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच समजलं होतं. ती भाजी निवडायला गेली.

आता असली गोष्ट घरात राहिली तर ती इमारत कसली? तळमजल्यावर व्यायामशाळा चालवणारा पहिलवान राहत होता. त्याने दुसऱ्याच दिवशी ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल आणि सेलेनियमच्या गोळ्या आणून दिल्या. “काका, हे घ्या, आतून लोखंड व्हाल,” तो म्हणाला. लोखंडासारखा गंज चढू नये म्हणूनच तर हा खटाटोप चालला होता, पण टाकीसाहेबांनी भावना समजून घेतली. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत, त्यांनी सात प्रकारच्या बियांचं मिश्रण पाठवलं आणि रोज दोन चमचे नीट चावून खायला सांगितलं. बाईंनी सांगितलेलं न करण्याची हिंमत इमारतीत कुणाला नव्हती, कारण निम्मी इमारत कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेली होती. सोसायटीचे सेक्रेटरी, जे शिंक आली तरी परिपत्रक काढत, त्यांचं मत गाजराच्या रसाचं पडलं. गाजर म्हणजे अँटिऑक्सिडंटांचा बाप, असं ते म्हणाले. टाकीसाहेबांनी बापाला रोज सकाळ-संध्याकाळ मोठा पेलाभर प्यायला सुरुवात केली.

परिणाम तळहातांवर दिसलाच. तळपाय, नाकाचा शेंडा आणि कपाळही केशरी झालं. इमारतीने निदान केलं, कावीळ. कावीळ होते पाण्यामुळे, पाणी येतं टाकीतून आणि टाकी आहे टाकीसाहेबांच्या ताब्यात. सेक्रेटरींनी तातडीने परिपत्रक लावलं. पुढील सूचना मिळेपर्यंत सर्व सभासदांनी पाणी उकळून प्यावे.

टाकीसाहेब ते परिपत्रक वाचत बराच वेळ फळ्यासमोर उभे राहिले. आयुष्यात त्यांचे अनेक अपमान झाले होते. बढती चुकली होती, साडूने एकदा चारचौघांत त्यांना ‘नळवाले’ म्हटलं होतं. पण त्यांच्या टाकीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. ते तडक सेक्रेटरींच्या दारात गेले.

“येता शनिवार सोडून त्याच्या पुढच्या शनिवारी टाकी पूर्ण रिकामी होईल,” ते म्हणाले. “आतून खरवडून, धुऊन, पिण्याच्या पाण्याला चालणाऱ्या गंजरोधक रंगाचे दोन हात देऊन मिळेल. दोन दिवस पाणी बंद. तारीख बदलणार नाही, आभाळ कोसळलं तरी.”

“अहो साहेब, एवढं मनावर नका घेऊ,” सेक्रेटरी म्हणाले.

“परिपत्रक काढा,” टाकीसाहेब म्हणाले.

इकडे बायकोने त्यांना कावीळ झाली की काय या धास्तीने डॉक्टरांकडे नेलं. ही तीच डॉक्टर, दुर्बीणवाली. वयाने त्यांच्या मुलीएवढी, बोलायला शांत. तिने डोळे पाहिले, ते पांढरेशुभ्र होते. तळहात पाहिले आणि विचारलं, “गाजरं किती खाता?”

टाकीसाहेबांनी सविस्तर सांगितलं. ऐकता ऐकता डॉक्टरचं पेन थांबलं.

“ही कावीळ नाही. गाजर कमी करा, रंग उतरेल,” ती म्हणाली. “पण काका, तुम्ही तपासणीला यायला हवं होतं. मागच्या वर्षीच.”

“आता गरज पडणार नाही. प्रायमर चालू आहे.”

“या गोळ्यांवर मोठमोठे अभ्यास झालेत. हजारो लोकांना वर्षानुवर्षं दिल्या. घेणाऱ्यांना आणि न घेणाऱ्यांना पॉलिप जवळपास सारखेच झाले. गोळी पॉलिप थांबवते असं दिसलं नाही. भाज्या, फळं जरूर खा, ती अन्न म्हणून चांगलीच आहेत. पण पॉलिप शोधायचं तर आत बघावं लागतं, आणि सापडलं तर काढावं लागतं.”

 हजारो लोकांना सुमार दर्जाच्या गोळ्या दिल्या असतील, असं टाकीसाहेबांचं मन म्हणत होतं.  घरी येताना रिक्षात बायको म्हणाली, “अहो, एक विचारू? बाहेरून रंग बघून तुम्ही कधी टाकीच्या कागदावर सही केलीत?”

“छे. कधीच नाही.”

“मग माझ्या नवऱ्याच्या बाबतीत मी का करावी?”

 दादाच्या शेवटच्या महिन्यांत रोज डबा घेऊन तीच जात होती. टाकीसाहेबांनी रिक्षावाल्याला गाडी वळवायला सांगितली आणि परत जाऊन तारीख घेतली.

तारीख मिळणं सोपं होतं. विमा कंपनी अवघड होती. खिडकीपलीकडच्या कारकून ताईंनी विचारलं, “त्रास काय होतोय?”

“काही नाही.”

“मग तपासणी कशासाठी?”

“त्रास होऊ नये म्हणून.”

“तसा रकाना नाही इथे. पोटदुखी लिहू?”

“पोट दुखत नाही. मी खोटं लिहून देत नाही.”

“काका, जरा तरी दुखत असेल की.” त्यांच्या आवाजात खरी तळमळ होती. मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाने आपलं दुखणं देऊ केलं. एकूण तीन खिडक्या झाल्या. शेवटच्या खिडकीवरच्या साहेबांनी ‘जुन्या पॉलिपचा पाठपुरावा’ असं लिहिलं आणि प्रश्न मिटवला. एवढं साधं वाक्य पहिल्या दोन खिडक्यांना का सुचलं नाही, यावर टाकीसाहेब घरी दोन दिवस बोलत होते.

तपासणीची तारीख सोमवारची होती. आधीचे काही दिवस काय खायचं, काय नाही, हे डॉक्टरने नीट समजावलं होतं. बिया तर मुळीच नाहीत. टाकीसाहेबांनी सगळं पाळलं. जुलाबाचं औषध घोट घोट प्याले, चेहरा कडुनिंब चघळल्यासारखा झाला तरी प्याले. बाईंच्या बिया मात्र त्यांनी बंद केल्या नाहीत. त्यांच्या लेखी बिया हे खाणं नव्हतं, ते औषध होतं, आणि डॉक्टर म्हणाली होती ते खाण्याबद्दल. शिवाय बाई जिन्यात रोज विचारत.

तपासणीनंतर गुंगी उतरली तेव्हा डॉक्टर समोर उभी होती. रागावलेली नव्हती, थकलेली होती.

“काका, आत काहीच दिसलं नाही.”

“म्हणजे स्वच्छ?”

“म्हणजे बियाच बिया. भिंतींना चिकटलेल्या, दुर्बिणीच्या नळीत अडकलेल्या. पेरणी झाल्यासारखं वाटत होतं. मला मध्येच थांबवावं लागलं. पुन्हा करावं लागेल, पुन्हा सगळी तयारी करून.”

टाकीसाहेबांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. न धुतलेली टाकी तपासणीला दाखवणाऱ्या कंत्राटदाराला ते काय काय बोलले असते, ते सगळं त्यांना आठवलं आणि एकही शब्द मागे न ठेवता त्यांनी ते मनातल्या मनात स्वतःला ऐकवलं. बायको बाजूला बसली होती. ती एवढंच म्हणाली, “दोन चमचे?”

“दोनच,” ते म्हणाले.

सुदैवाने कुणाची तरी वेळ रद्द झाली होती, म्हणून डॉक्टरने त्याच आठवड्यात पुन्हा बोलावलं. रविवारी सकाळी. म्हणजे तयारी शनिवारी. बायकोने होकार दिला, टाकीसाहेबांनी मान हलवली. बियांच्या धक्क्यात शनिवार म्हणजे कोणता शनिवार, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

शनिवारी दुपारी त्यांनी औषधाचा पहिला ग्लास संपवला. दुसरा अर्धा झाला तेव्हा पोटातून पहिली आरोळी आली. ते आत गेले. यथावकाश त्यांनी नळ सोडला. नळाने एक लांब सुस्कारा टाकला आणि गप्प झाला.

वरून, गच्चीवरून, लोखंडावर शिडी आदळल्याचा आवाज येत होता.

“अहो,” दाराबाहेरून बायको म्हणाली, “आज टाकी.”

“पाणी भरून ठेवलंय ना?”

“तुम्हीच म्हणालात, आपल्याला कशाला भरायला हवं, माझी माणसं आहेत, मी एक हंडा मागवून घेईन.”

हे ते म्हणाले होते. सगळ्या इमारतीने परिपत्रक वाचून बादल्या, पिंपं, टोप, बाळाचा टब असं जे सापडेल ते भरून ठेवलं होतं. पाणी नव्हतं ते फक्त पाणीखात्याच्या निवृत्त अधिकाऱ्याच्या घरात.

बायको गच्चीवर धावली. रंगकाम करणाऱ्यांचा मुकादम टाकीच्या तोंडाशी बसला होता. खालून टाकीत येणारं पाणी थोडा वेळ सोडता येईल का, असं तिने विचारलं.

“नाही जमायचं, वहिनी. आत पहिला हात ओला आहे. साहेबांची सक्त ताकीद आहे. दुसरा हात वाळेपर्यंत पाण्याचा थेंब सोडायचा नाही, कुणीही आलं तरी. मी स्वतः आलो तरी सोडायचं नाही, म्हणाले.”

“ते येऊ शकत नाहीत,” बायको म्हणाली.

“मग प्रश्नच मिटला,” मुकादम म्हणाला.

आता टाकीसाहेबांची एकच इच्छा उरली होती. ही गोष्ट कुणाला कळू नये. बायको बाईंच्या दारात कसल्याशा निमित्ताने गेली, पण बाईंनी चाळीस वर्षं मुलांची निमित्तं ऐकली होती. त्यांनी दोन प्रश्नांत खरं काढलं. ऐकून त्या क्षणभर खाली बसल्या.

“माझ्या बियांमुळे पहिली वेळ वाया गेली?”

“तसं नाही हो, यांनीच ऐकलं नाही.”

“मी विचारायला हवं होतं, कसलं औषध चालू आहे म्हणून,” बाई म्हणाल्या आणि उठल्या. स्वतःच्या न्हाणीघरातली भरलेली बादली त्यांनी उचलली. मग जिन्यात उभं राहून, वर्गात हाक मारायच्या त्या आवाजात, पहिलवानाला हाक मारली.

पुढे जे झालं ते टाकीसाहेबांनी बंद दाराआडून ऐकलं. आधी एक बादली आली, मग तीन. मग जिन्यात पावलं वाढली. पहिलवान दोन्ही हातांत दोन दोन बादल्या घेऊन मजले चढत होता. चौथ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याने बाळाचा टब दिला. सेक्रेटरी जिन्याच्या वळणावर उभे राहून रिकाम्या बादल्या डावीकडून, भरलेल्या उजवीकडून, असं ओरडत होते. परिपत्रक काढायला वेळ नव्हता एवढंच.

“काका,” दाराबाहेरून पहिलवानाचा आवाज आला, “झालं का, की आणखी दोन आणू?”

टाकीसाहेबांनी डोळे मिटले. एवढ्या वर्षांत या इमारतीत त्यांनी स्वतःची एक प्रतिष्ठा उभी केली होती. ती आता बादली बादलीने वाहून चालली होती.

“दोन,” ते आतून म्हणाले. मग थोडं थांबून, “चार आण.”

“घाई करू नका साहेब,” खालून सेक्रेटरी म्हणाले. “सावकाश. सगळी इमारत तुमच्या पाठीशी आहे.”

नको त्या बाजूने पाठीशी आहे, असं टाकीसाहेबांच्या मनात आलं आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता त्यांना दादा आठवला.  दादाला महिनोन्‌महिने त्रास होत होता आणि त्याने लाजेखातर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही, भावालाही नाही. दादा एकटाच दार लावून बसत होता आणि बाहेर कुणी उभं नव्हतं. माझ्या दाराबाहेर अख्खा जिना उभा आहे, टाकीसाहेबांना वाटलं. मी नशीबवान आहे. त्यांनी तोंड धुतलं, बाईंच्या बादलीतल्या पाण्याने, आणि बाहेर येऊन उरलेला ग्लास एका दमात संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरने त्यांना पडद्यावरची छायाचित्रं दाखवली. गुलाबी, ओलसर, लखलखीत भिंती.

“इतकी स्वच्छ तयारी मी क्वचितच पाहते,” ती म्हणाली.

“इमारतीने धुतली,” टाकीसाहेब म्हणाले.

डॉक्टरला ते समजलं नाही. तिने पुढचं चित्र लावलं. एका वळणाआड दोन कोंब होते. एक अगदी बारीक, दुसरा वाटाण्याहून थोडा मोठा. “हे दोन्ही मी काढले. पाठवलेत तपासायला. घाबरण्यासारखं दिसत नाही. पण हा मोठा तसाच राहिला असता, तर आणखी काही वर्षांनी काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही.”

टाकीसाहेब त्या वळणाकडे पाहत राहिले. प्रायमर इतके महिने चालू होता आणि त्याच्या खाली हे बसून होते. गाजराच्या रसाला ते दिसले नव्हते, सेलेनियमला सापडले नव्हते. सापडले ते बॅटरी घेऊन आत उतरलेल्या या पोरीला. त्यांनी हात जोडले. हात अजून थोडे केशरी होते.

“पोरी,” ते म्हणाले, “तू माझ्या खात्यात असतीस तर मी निवृत्त झालोच नसतो. तुझ्या हाताखाली राहिलो असतो.”

अहवाल आठवड्याने आला. कॅन्सर नव्हता. बायकोने तो दोनदा वाचला, मग देवासमोर ठेवला, मग उचलून परत एकदा वाचला. टाकीसाहेबांनी उरलेल्या गोळ्या पहिलवानाला परत केल्या, बाईंना भेटून बियांसाठी नाही पण बादलीसाठी आभार मानले, आणि मुकादमाला घरी चहाला बोलावलं. ज्याने साहेबांचा हुकूम साहेबांच्या बायकोसमोरही मोडला नाही, त्याची पाठ थोपटायलाच हवी होती, असं त्यांचं म्हणणं होतं. बायकोचं म्हणणं वेगळं होतं, पण चहा तिने चांगला केला.

त्यानंतर सहा महिन्यांनी टाकी धुवायची वेळ आली. सेक्रेटरी परिपत्रकाचा मसुदा घेऊन टाकीसाहेबांकडे आले. टाकीसाहेबांनी तो वाचला आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ घातली. त्या दिवशी कुणाची ‘ती’ तपासणी असल्यास संकोच न करता कळवावे, तारीख बदलली जाईल.

सेक्रेटरी ती ओळ वाचून उठले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

“माझे वडीलही त्यातच गेले,” ते शेवटी म्हणाले. “मी कुणाला बोललो नव्हतो. परवा नंबर लावून आलो. नेमकी याच दिवशी तयारी आहे माझी.”

टाकीसाहेबांनी मसुदा त्यांच्या हातातून घेतला आणि टाकीची तारीख खोडून आठवडाभर पुढे ढकलली. आभाळ कोसळलं नव्हतं, तरी ढकलली.

तयारीच्या दिवशी टाकी काठोकाठ भरलेली होती आणि सगळ्या नळांना भरपूर पाणी होतं. तरीही दुपारी सेक्रेटरींनी दार उघडलं तेव्हा बाहेर टाकीसाहेब उभे होते, दोन्ही हातांत एकेक भरलेली बादली घेऊन.

“अहो, पाणी आहे आज,” सेक्रेटरी म्हणाले.

“माहीत आहे,” टाकीसाहेब म्हणाले. त्यांनी बादल्या दाराशी ठेवल्या आणि जिन्याच्या पायरीवर बैठक मारली. “तुम्ही आत जा. मी इथेच बाहेर बसलोय.”